पळस, बिजा, करंज : झाडातलं औषध आणि बाटलीतलं रसायन



टेबलावर चार वस्तू ठेवल्या आहेत. मागच्या रांगेपर्यंत दिसत नसतील, म्हणून सांगतो. परवा इतवारीतल्या एका काष्ठौषधीच्या दुकानातून आम्ही त्या आणल्या. पहिल्या पुडीत पळसपापडी, म्हणजे पळसाच्या चपट्या, तांबूस-तपकिरी बिया. दुसऱ्या पुडीत कमरकस. हा पळसाचाच लाल डिंक, बाळंतिणीच्या लाडवात घालतात तो. तिसरीत करंजाच्या बिया. आणि चौथी वस्तू हा लाकडी पेला, बिजाच्या गाभ्यातून कातलेला. काही जण याला विजयसारचा ग्लास म्हणतात. दुकानदारानं पेल्याबरोबर सल्ला फुकट दिला : रात्री पाणी भरून ठेवा, सकाळी उपाशीपोटी घ्या, महिन्यात शुगर खाली.

आज आपण या ‘महिन्यात शुगर खाली’पर्यंत पोचायचं आहे, पण जरा लांबच्या वाटेनं. कारण झाडाचा औषध म्हणून इतिहास वेगळा असतो आणि त्याच झाडातल्या रसायनाचा इतिहास वेगळा. दोन्ही एकच आहेत असं आपण धरून चालतो, आणि घोटाळा तिथंच होतो.

आधी कुळाची ओळख. पळस, बिजा, करंज ही तिन्ही शेंगांच्या कुळातली झाडं. आपल्या वरणातली तूर, झुणक्यातला हरभरा हे यांचेच भाऊबंद. ‘पळसाला पाने तीनच’ असं आपण म्हणतो, पण तुरीचं पान नीट बघा, तिथंही तीनच. बहावा, बाभूळ, खैर, शिरीष, चिंच, आपटा, पांगारा हे सगळे याच कुळातले. विदर्भातलं जंगल सागाचं म्हणून ओळखलं जातं खरं, पण सागाच्या आजूबाजूला बघितलं तर शेंगवाल्यांची गर्दी असते.

या कुळात रसायनं इतकी का? एक धागा मुळांशी सापडतो. यातल्या बहुतेक झाडांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांत रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधून देतात. (बहावा याला अपवाद, त्याच्या मुळांवर गाठी येत नाहीत.) आता मातीत असंख्य जिवाणू असताना नेमका हा पाहुणा घरी कसा बोलवायचा? १९८६ मध्ये लसूणघासावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना त्याचं उत्तर मिळालं. ल्युटिओलिन नावाचा एक पदार्थ जिवाणूच्या गाठी बनवणाऱ्या जनुकांना जागं करतो. ल्युटिओलिन हा फ्लेव्होनॉइड आहे. हा शब्द लक्षात ठेवा. पळसाच्या फुलातला रंग, करंजाच्या तेलातला कडवटपणा आणताना दिसणारा स्फटिक, बिजाच्या सालीतला एक गाजलेला पदार्थ, हे सगळे त्याच घराण्यातले.

नायट्रोजन हाताशी असला की झाड त्यातून विषंही बनवू शकतं. आपल्या पूर्व विदर्भातली लाखोळीची डाळ आठवा. ती झाड नाही, वेल आहे, पण कूळ हेच. तिच्यातला पाय लुळे करणारा घटक १९६४ मध्ये ओळखला गेला. तो एक अमिनो आम्ल आहे, फक्त प्रथिनं बांधायला न वापरलं जाणारं. तेव्हा ‘शेंगेतलं आहे, म्हणजे पौष्टिकच’ हे काही खरं नाही.

आता इतिहासाकडे वळू.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईत दोन माणसं देशी औषधांची मोजदाद करत होती. एक डॉ. सखाराम अर्जुन. ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत, १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढणाऱ्या आठ जणांतले एक. डॉ. रखमाबाईंचे ते सावत्र वडील, ही ओळख बहुतेकांना जास्त जवळची. त्यांनी मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधांवर पुस्तक केलं. दुसरे विल्यम डायमॉक, सरकारी औषधभांडाराचे प्रमुख, ज्यांनी पुढे दोन सहकाऱ्यांबरोबर ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा मोठा ग्रंथ काढला. या लोकांनी वैद्य, गांधी, माळी, सुईणी काय सांगतात ते टिपून ठेवलं. पळसबीबद्दल त्या काळच्या नोंदींत दोन गोष्टी येतात : पोटातल्या जंतांवर बी देतात, आणि बी लिंबाच्या रसात वाटून नायट्यावर लावतात, पण लावल्यावर कातडी लालभडक होते. हे ‘लालभडक’ जरा बाजूला ठेवा, आपण परत त्याच्याकडे येणार आहोत.

१९०० साली ब्रिटिश फार्माकोपियाला भारत आणि वसाहतींसाठी एक पुरवणी जोडली गेली. तीत पळसाचा डिंक आला आणि पळसबीही आली. म्हणजे आपल्या या दोन पुड्या एकेकाळी सरकारमान्य औषधं होती. पण त्यात नेमकं काय आहे, हे कोणालाच माहीत नव्हतं.

रसायनशास्त्रज्ञ पळसाकडे वळले ते औषधासाठी नव्हे, रंगासाठी. इंग्लंडातल्या लीड्सला कापड रंगवण्याचं शास्त्र शिकवणारे हमेल आणि त्यांचे सहकारी ए. जी. पर्किन हे हिंदुस्थानातून येणारी रंगफुलं तपासत होते. हे पर्किन म्हणजे ज्यांनी पहिला कृत्रिम जांभळा रंग बनवला त्या विल्यम पर्किनचे चिरंजीव. बापानं कृत्रिम रंगांची वाट उघडली आणि मुलगा झाडांचे रंग उलगडत बसला! १९०४ च्या त्यांच्या लेखात पळसफुलातल्या रंगद्रव्याचं नाव आहे ब्युटीन. हे नाव आलं पळसाच्या शास्त्रीय नावावरून, ब्युटिया. आणि ब्युटिया आलं अर्ल ऑफ ब्यूटवरून, जे १७६२-६३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान होते आणि वनस्पतिशास्त्राचे मोठे शौकीन. म्हणजे रामटेकच्या वाटेवर फाल्गुनात पेटणाऱ्या झाडाच्या रंगावर एका ब्रिटिश पंतप्रधानाचं नाव कोरलं गेलं.

रसायन मात्र छान आहे. ताज्या फुलात या रंगद्रव्याच्या घराण्यातले काही पदार्थ साखरेच्या रेणूंना जोडलेले असतात आणि त्यातला ब्युट्रिन हा जवळजवळ रंगहीन. फुलं उकळली, त्यात चिमूटभर चुना टाकला की रेणूतलं एक कडं उघडतं आणि रंगहीन पदार्थ केशरी होतो. होळीला रंग करणाऱ्या आपल्या आज्या चुना टाकायच्या तो याचसाठी. त्यांना कड्याचं माहीत नव्हतं, प्रमाण बरोबर माहीत होतं. पुढे १९८६ मध्ये जर्मनीतल्या आणि जपानमधल्या संशोधकांनी मिळून दाखवलं की ब्युट्रिन आणि त्याचा जुळा आयसोब्युट्रिन प्रयोगशाळेत यकृताच्या पेशींना विषापासून वाचवतात. तिथून बाटलीबंद औषध झालं का? नाही. आपल्याकडे मात्र पळसफुलाचं सरबत ‘लिव्हरसाठी’ म्हणून विकलं जायला लागलं. पेशींवर दिसलेलं माणसात दिसतंच असं नाही, एवढंच आत्ता म्हणून पुढे जाऊ.

करंज. नागपूरच्या रस्त्यांवर सावलीला लावलेला करंज सगळ्यांच्या ओळखीचा. तेल कडू, वास उग्र. दिव्याला, साबणाला, खरजेला. आणि इथं आपल्या मराठी मुलखातला एक फार मोठा पण विस्मरणात गेलेला माणूस भेटतो. दत्तात्रेय बाळकृष्ण लिमये, पुण्याच्या रानडे इंडस्ट्रियल अँड इकॉनॉमिक इन्स्टिट्यूटमधले. १९२५ मध्ये त्यांनी करंजाच्या तेलातून एक स्फटिकरूप पदार्थ वेगळा केल्याचं इंडियन सायन्स काँग्रेसपुढे मांडलं. नाव काय ठेवलं? करंजिन. ब्युटीननंतर वीसेक वर्षांनी, पण नाव आता लीड्सच्या कानाला ओळखीचं नव्हतं, ते पुण्याच्या कानाला ओळखीचं होतं. १९३६ पासून लिमये यांनी ‘रसायनम्’ नावाचं संशोधनपत्र चालवलं. फ्लेव्होनॉइडच्या सांगाड्याला फ्युरान नावाचं आणखी एक कडं चिकटलेलं, अशी करंजिनची रचना ठरायला तीसचं दशक संपावं लागलं आणि १९४१ च्या सुमाराला शेषाद्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंध्रात ते प्रयोगशाळेत बनवूनही दाखवलं. हे सगळं थोड्या पैशांत, साध्या काचेच्या उपकरणांवर, वितळणबिंदू मोजत. आज एका दुपारी यंत्र जे सांगतं त्याला तेव्हा पंधरा वर्षं लागली.

नागपुरात १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट सुरू झालं. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी विद्यापीठाला मृत्युपत्रानं दिलेल्या पैशातून. तेलतंत्रज्ञान हा तिथला जुना विषय. करंजासारख्या न खाण्याच्या तेलांचं काय करायचं, हा प्रश्न त्या काळच्या सगळ्याच तेलवाल्यांपुढे होता. गंमत अशी की करंजिनचा खरा उपयोग औषधात नाही, शेतात निघाला. जमिनीतल्या नायट्रोजनचं नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जिवाणूंना ते आवरून धरतं, म्हणजे खत हळूहळू सुटतं. करंजाची पेंड जनावरांना चालत नाही पण जमिनीला चालते, हे शेतकरी म्हणायचे, त्याच्यामागे हेही एक कारण.

आता पळसबीकडे परत येऊ. सखाराम अर्जुनांच्या पिढीपासून ऐंशीएक वर्षं ती तशीच पुडीत पडून होती. १९६७ मध्ये राज आणि कुरूप यांनी बियांतला जंतनाशक पदार्थ वेगळा केला आणि नाव ठेवलं पलासोनिन. बघा, लॉर्ड ब्यूट गेले, पलाश आला. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या बोचिस आणि फिशर यांनी त्याची रचना ठरवली. जंतनाशकं हा मर्कचा त्या वेळचा मोठा व्यवसाय, त्यामुळे आपल्या पळसबीत त्यांना रस असणं साहजिक होतं.

रचना पाहून चकित व्हायची पाळी आली. पलासोनिन हे कँथॅरिडिनचं अगदी सख्खं भावंडं निघालं, फक्त एक मिथिल गट कमी. कँथॅरिडिन म्हणजे काय? शेतावर तुरीच्या, मुगाच्या फुलांवर काळ्या-तांबड्या पट्ट्यांचे भुंगे बसलेले पाहिलेत ना? हातावर चिरडले की फोड येतो. त्या फोडातलं विष ते कँथॅरिडिन. फ्रान्समध्ये १८१० मध्येच ते वेगळं झालं होतं. भुंग्यात आणि पळसाच्या बीत, एकमेकांशी काहीही नातं नसलेल्या दोन जिवांत, जवळपास एकच रेणू!

आणि आता ते बाजूला ठेवलेलं ‘लालभडक’ आठवा. बी लिंबात वाटून लावली की कातडी लाल होते, हे डायमॉकच्या काळी नोंदलं होतं. भुंग्याच्या विषाचा भाऊ बीत असेल तर ते तसं होणारच, असं आम्हाला वाटतं. म्हणजे जुन्या नोंदीत औषध होतं आणि त्याची धोक्याची खूणही होती. फक्त ती खूण वाचायला शंभरएक वर्षं लागली. जंत मरतात ते खरं, पण मारणारी वस्तू कँथॅरिडिनच्या कुळातली आहे आणि कँथॅरिडिन मूत्रपिंडाला, आतड्याला काय करतं हे जगजाहीर आहे. आज अल्बेंडाझोलची एक गोळी शाळेत मिळते. तेव्हा पोराला चमचाभर पळसपापडी ‘नैसर्गिक आहे’ म्हणून देणाऱ्या पालकांना आम्ही स्पष्टच सांगतो, देऊ नका. वैद्य ती शोधन करून, मात्रा बघून द्यायचे. इतवारीतल्या पुडीवर मात्रा छापलेली नसते.

आता हा पेला.

बिजा, बिबळा, बीजासार. संस्कृतात असन, बीजक. सुश्रुताच्या सालसारादि गणात असन आहे आणि तो गण कुष्ठ आणि प्रमेहावर सांगितला आहे. पण दोन सावधगिऱ्या. पहिली, प्रमेहाचे वीस प्रकार आहेत आणि मधुमेह हा त्यातला एक. प्रमेह म्हणजे सरसकट आजची डायबेटिस नव्हे. दुसरी, नावाची. हिंदी मुलखात ‘आसन’ म्हणजे आपला ऐन, आणि कोकणात ‘असाणा’ म्हणून तिसरंच एक झाड दाखवतात. ग्रंथातलं नाव आणि जंगलातलं झाड यांची गाठ दर पन्नास मैलांवर सैल होते.

इंग्रजांना बिजात वेगळाच रस होता. सालीला खाच पाडली की रक्तासारखा रस येतो, वाळला की त्याचे काळसर लाल खडे. हा मलबार किनो. टॅनिननं भरलेला, जुलाबावर आणि घसा दुखला तर गुळण्यांना. ब्रिटिश फार्माकोपियात होता. औषधविक्रेते मात्र त्याच्यावर वैतागलेले असत, कारण किनोचा अर्क बाटलीत काही महिने राहिला की त्याची जेली होऊन बसायची. मधुमेहाचा यात कुठे उल्लेखच नाही.

पेल्यातलं पाणी बघा. दिवा जरा मागून धरतो. सोनेरी-पिवळं आहे ना? आता बाजूनं उजेड टाकतो... ती निळसर झाक दिसली? फ्लुरोसन्स. याच झाकेनं सोळाव्या शतकात युरोपाला वेड लावलं होतं. सेव्हिलच्या मोनार्देस नावाच्या वैद्यानं मेक्सिकोतून आलेल्या एका लाकडाची हकीकत लिहिली : पाण्यात ठेवलं की पाणी निळं होतं, आणि ते मूतखड्यावर चालतं. या लाकडाचे पेले युरोपच्या राजेलोकांना भेट म्हणून जात. १६६४ मध्ये रॉबर्ट बॉइलनं त्याच्यावर प्रयोग केले. आम्ल घातलं की निळाई जाते, अल्कली घातलं की परत येते. हे लाकूड कोणत्या झाडाचं, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. एक मेक्सिकोतलं, दुसरं फिलिपिन्समधलं, आणि दुसरं तर बिजाच्याच जवळच्या नात्यातलं. दोन्ही शेंगांच्या कुळातली. म्हणजे लाकडी पेला, रात्रभर पाणी, सकाळी औषध ही कल्पना जगाच्या दोन टोकांना, दोन वेगळ्या दुखण्यांसाठी रुजली. पाण्याचा रंग बदलतो, डोळ्यांना दिसतं, म्हणून विश्वास बसतो. ही निळी झाक औषधाची खूण आहे, असं मात्र कोणी दाखवलेलं नाही.

मग मधुमेहाचं काय? १९८१ मध्ये बनारसच्या संशोधकांचा एक लेख लॅन्सेटमध्ये आला. बिजाच्या सालीतलं एपिकॅटेचिन दिलं की, अ‍ॅलॉक्सननं स्वादुपिंडातल्या बीटा पेशी नष्ट केलेल्या उंदरांत त्या पेशी परत उगवतात. पेशी परत उगवतात! मधुमेहाच्या जगात याहून मोठी बातमी नव्हती. लगेच इतर देशांतल्या प्रयोगशाळांनी तो प्रयोग करून बघितला. त्यांना तसं दिसलं नाही. वर्ष-दोन वर्षांत तो उत्साह विरला. आजही पेल्याच्या जाहिरातीत पहिला लेख असतो, नंतरचे नसतात.

पण बिजा तिथं संपला नाही. १९९७ मध्ये त्याच्या गाभ्यातले टेरोस्टिल्बीन आणि मार्सुप्सिन उंदरांत साखर उतरवतात असं दिसलं. आणि १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची माणसांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. नव्यानंच मधुमेह सापडलेले ९७ रुग्ण, बारा आठवडे. ६७ जणांची साखर आटोक्यात आली. ही चांगली बातमी आहे, आणि आम्ही ती कमी लेखणार नाही. पण ती नीट वाचायला हवी. रुग्ण नवे, आजार सौम्य, तुलनेला दुसरा गट नाही, आणि दिलं गेलं ते ग्रॅममध्ये मोजून. त्यातले बरेच जण दोन ग्रॅमवर आटोक्यात आले, काहींना चार लागले. पेल्यातून किती उतरतं? पहिल्या आठवड्यात जेवढं, तेवढं सहाव्या आठवड्यात उतरत नाही. टेरोस्टिल्बीन तर पाण्यात जेमतेम विरघळतं. म्हणजे चाचणी झाली एका वस्तूची आणि बाजारात विश्वास विकला जातो दुसऱ्या वस्तूवर. नाव दोघींचं एकच.

आमचे एक मावसकाका. हयात नाहीत आता. बारा वर्षं मधुमेह होता, गोळ्या चालू होत्या. कोणीतरी असाच पेला दिला. पाणी सोनेरी झालं की त्यांना फार बरं वाटायचं, घरी येणाऱ्याला दाखवायचे. हळूहळू गोळ्या बंद केल्या, आम्हाला कळूही दिलं नाही. पायाच्या अंगठ्याला साधी चप्पल लागली होती. पाच महिन्यांनी पाय घोट्याच्या वर कापावा लागला. काकांनी बिजाला कधी दोष दिला नाही. म्हणायचे, मीच पाणी रोज नव्हतो घेत.

शेवटचं एक. पेला कातायला कोवळं लाकूड चालत नाही, गाभा लागतो, आणि गाभा भरायला झाडाला कित्येक दशकं लागतात. पेंचकडे, मेळघाटात, गडचिरोलीत बिजा आहे, पण जाडजूड बिजा शोधावा लागतो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो धोक्याच्या उंबरठ्यावर नोंदला आहे. चौकटी, बैलगाड्या, मग किनो, आणि आता पेले. लाकूड कुठून येतं, असं आम्ही त्या दुकानदाराला विचारलं. ‘माल रायपूरकडून येतो,’ म्हणाला, आणि समोरच्या बाईंसाठी कमरकस तोलायला लागला.

आता प्रश्न घेऊ. पेला पुढच्या रांगेतून फिरवा हवा तर, पण पाणी पिऊ नका कोणी.